घळीतलं लोखंड

त्याला सगळे मुका म्हणायचे, आणि त्याच्याइतका बडबड्या माणूस त्या धक्क्यावर दुसरा नव्हता. हवामान, इंजिन, सरकार, सासरवाडी, शेजाऱ्याच्या गुडघेदुखीचं औषध, कशावरही तो घटकाभर बोलायचा. फक्त एका बाबतीत त्याच्या तोंडाला कुलूप होतं. जाळं कुठे टाकलं, हे त्याने जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणून मुका.

आता खरं सांगायचं तर तिथे कुणीच खरं सांगत नसे. बोट धक्क्याला लागली की वरून कुणीतरी विचारणार, "कुठे होतास आज?" आणि खालून उत्तर जाणार ते चुकीचंच. उत्तरेला असलास तर दक्षिण सांग, जवळ असलास तर लांब सांग. विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असायचं. जेवलास का, असं विचारावं तसंच ते विचारणं. यात कुणाला पाप वाटत नव्हतं. उलट एखाद्याने खरी जागा सांगितलीच असती, तर लोकांनी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. पण बाकीच्यांचं कधीतरी सैल सुटायचं. दोन घोट पोटात गेले की, लेकीचं लग्न ठरलं की, जुनं भांडण मिटलं की. मुक्याचं नाही. सख्ख्या धाकट्या भावालाही त्याने ताकास तूर लागू दिली नव्हती. धाकट्याची स्वतःची बोट होती. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत, इकडची पोरं तिकडे जेवायची, सणासुदीला एकच चूल पेटायची, सगळं गोडीगुलाबीने चाललेलं. फक्त समुद्रात दोघं एकमेकांना परके.

मुक्याची जागा म्हणजे उत्तरेची घळ. समुद्राच्या तळाशी, खडकांच्या मधून गेलेला एक लांबट खोलगट पट्टा. वडिलांना सापडलेला, वडिलांनी त्याला दाखवलेला. बाकी सगळ्या बोटी दक्षिणेच्या गाळपट्टीवर जायच्या, दीपगृहासमोर. तिथे तळ सपाट, जाळ्याला भीती नाही. उत्तरेला खडक आहेत म्हणून तिकडे कुणी फिरकत नसे. खडक होतेच. पण त्यांच्या मधून जायला वाट आहे आणि त्या वाटेत मासा बसतो, हे एकट्या मुक्याला ठाऊक. सकाळी तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दक्षिणेकडे निघायचा आणि लांब गेल्यावर वळायचा. परतताना जीपीएसच्या यंत्रातल्या खुणा पुसून टाकायचा. खलाशी जुने, विश्वासाचे, पण सुकाणूच्या केबिनमध्ये त्यांनाही मज्जाव होता. आपण उत्तरेला आहोत एवढंच त्यांना कळायचं, आणि हिश्शाला मासा चांगला यायचा म्हणून तेही मूग गिळून बसायचे.

त्या सकाळी घळीत जाळं ओढत असताना बोट एकदम थांबली. इंजिन ओरडतंय आणि बोट जागची हलत नाही. तळाशी जाळं कशाला तरी अडकलं होतं. अडकणं काही नवं नाही. जरा मागे यायचं, वायर ढिली करायची, बाजूने ओढायचं, की सुटतं. हे सुटेना. तेवढ्यात मागून लाट आली, बोटीची मागची बाजू खाली दबली आणि पाणी आत घुसलं. इंजिनवाला गुडघाभर पाण्यात उभा. जाळं बोटीला मागून धरून खाली खेचत होतं आणि लाटा काही थांबणार नव्हत्या. मुक्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"ब्रेक सोडा," तो ओरडला. "जाऊ दे सगळं."

वायरी गुंडाळणाऱ्या विंचचा ब्रेक सुटला तशी एक वायर सरसरत समुद्रात गेली. दुसरी पीळ पडून अडकून बसली होती. ती इंजिनवाल्याने कुऱ्हाडीने तोडली, घावावर घाव घालून. वायर तुटली आणि बोट अशी उसळली की उभा होता तो प्रत्येक जण आडवा झाला. जाळं गेलं, जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या जड फळ्या गेल्या, वायर गेली. थोड्या वेळाने जाळ्याचा एक फाटका तुकडा पाण्यावर तरंगत आला. त्यात लोखंडी पत्र्याचं एक शकल अडकलं होतं, पिवळ्या रंगाचं. खडकाला कुणी पिवळा रंग देत नाही.

समुद्राखालून वायू काढणाऱ्या कंपन्या होत्या. त्या काम संपलं की काय काय खालीच टाकून जायच्या. पाइपांचे तुकडे, पिंजरे, साखळदंड. सरकारने त्यांच्याकडून पैसे घेऊन एक निधी उभा केला होता. अशा लोखंडात ज्याचं जाळं जाईल त्याला नव्या जाळ्याची भरपाई. अटी दोन. जागा नेमकी सांगायची, म्हणजे ती जाहीर करून बाकीच्या बोटींना सावध करता येईल. आणि ज्याला अडथळ्याची आधीपासून खात्रीशीर माहिती होती आणि तरी त्याने तिथेच जाळं टाकलं, त्याला छदाम मिळणार नाही. दोन्ही अटी रास्त होत्या. कुणी वाकडं बोलावं असं त्यात काहीच नव्हतं.

भरपाईच्या मॅडम दुपारीच धक्क्यावर आल्या. पायात कचेरीने दिलेले, दोन मापं मोठे गमबूट. त्या एका पालथ्या क्रेटवर बसल्या. तुटलेली वायर पाहिली, पिवळं शकल हातात घेऊन उलटसुलट केलं, खलाशांना कुणाला लागलं का म्हणून आधी विचारलं. बाई चांगली होती, त्यात शंका नाही. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "ठिकाण कुठलं?"

आणि मुक्याच्या तोंडून आपसूक निघालं, "दक्षिणेला. गाळपट्टी. दीपगृहासमोर."

खोटं बोलायचं असं त्याने ठरवलं नव्हतं, हे त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. कुठे म्हणून कुणी विचारलं की जीभ ज्या वळणाने आयुष्यभर गेली, त्याच वळणाने त्या दिवशीही गेली. त्याचं त्यालाच ते बोलून झाल्यावर ऐकू आलं. पण मॅडम पुढे म्हणाल्या, "जीपीएसचे आकडे लागतील." तेव्हा मात्र त्याला थांबता आलं असतं. तो थांबला नाही. गाळपट्टीचे आकडे त्याला तोंडपाठ होते, ते त्याने घडाघडा सांगितले. शेजारी इंजिनवाला उभा होता. तो आपल्या हातांना लागलेलं ग्रीस बघत राहिला.

"दक्षिण?" मॅडम गेल्यावर त्याने हळूच विचारलं.

"तुला जाळं हवंय ना नवीन? मग गप्प बस."

मुक्याचं गणित साधं होतं. घळीत आपल्याशिवाय कुणी जात नाही. म्हणजे तिथलं लोखंड दुसऱ्या कुणाला लागणार नाही. गाळपट्टीवर काहीच नाही, म्हणजे लोक तिथून जरा बाजूने गेले तर कुणाचं काही बिघडत नाही. जाळं मिळेल, घळ राहील, लोखंड कुठे आहे ते आपल्याला कळलंय, ते टाळून ओढू. स्वतःच्या मनाला पटवायचं म्हटलं तर माणूस मोठा हुशार वकील असतो.

रात्रीच्या जेवणाला बायको समोर बसली. ती बर्फाच्या कारखान्यात कामाला होती आणि नवऱ्याला पुरती ओळखून होती.

"अहो, जागा खरी सांगितलीत ना?"

"सांगितली."

"मला सांगता तसली खरी, की खरी खरी?"

तो हात धुवायला उठला. तिने ताटं जरा जोरातच उचलली.

दुसऱ्या दिवसापासून धक्क्यावरच्या भोंग्यातून आणि वायरलेसवरून इशारा सुरू झाला. गाळपट्टी, अमुक आकडे, तळाशी लोखंड, बोटींनी लांब राहावं. धक्क्यावर नुसती थट्टा. "मुक्याला वाचा फुटली," एकाने म्हटलं, आणि मग दिवसभर जो भेटेल तो तेच म्हणत होता. पण गंमत बघा. एरवी मुक्याच्या शब्दावर कुणी एक पाऊल इकडचं तिकडे टाकलं नसतं. आता तोच शब्द भोंग्यातून आला, सरकारी शिक्क्यासकट आला, आणि सगळ्यांना तो खरा वाटला. बोटी गाळपट्टीवरून बाजूला सरकू लागल्या. मुका दुरून बघत होता, आणि आपलं खोटं इतकं खरं ठरलेलं त्याला पहिल्यांदाच खटकलं.

संध्याकाळी धाकटा भिंतीपलीकडून डोकावला. "दादा, बरं केलंस सांगितलंस ते. मी रोज तिथूनच ओढतो. माझी बोट तुझ्याहून हलकी. माझं अडकलं असतं तर वर यायला काही उरलं नसतं."

"हं," मुका म्हणाला.

"पहिल्यांदा काहीतरी खरं बोललास बघ माझ्याशी," धाकटा हसून म्हणाला आणि आत गेला.

ते ऐकून मुक्याला झोप आली नाही. सकाळी उठून तो सरळ मॅडमच्या कचेरीत गेला. मॅडम दौऱ्यावर होत्या. त्यांच्या जागी एक कारकून चहा पीत बसला होता. मुक्याने आडून आडून विचारलं, "समजा, ठिकाण सांगण्यात थोडी चूक झाली असेल तर?"

"थोडी म्हणजे?"

"म्हणजे... जरा लांब."

कारकुनाने कप खाली ठेवला. "चूक असेल तर दावा रद्द, नवा करा. मुद्दाम खोटं असेल तर खटला. आणि पुन्हा कधी निधीतून काही मिळणार नाही. का? तुमचं चुकलंय का?"

मुक्याला खलाशी आठवले. ते अजून त्याच्या बोटीवर येऊन रंग खरवडत बसत होते, पण दुसऱ्या बोटींवाले त्यांना खुणावत होते. जाळं नाही तर खलाशी नाहीत, खलाशी नाहीत तर बोट धक्क्याला कुजणार, आणि या वयात दुसऱ्याच्या बोटीवर मजुरी. ज्या घळीसाठी जन्मभर जीभ आवळली ती घळ वर्तमानपत्रासारखी सगळ्यांच्या हातात. त्याने घाबरून कच खाल्ली.

"नाही हो. सहज विचारलं," तो म्हणाला आणि बाहेर पडला. जिन्यात त्याला स्वतःची लाज वाटली, पण पाय काही मागे वळले नाहीत.

पुढचे दिवस त्याने डोळ्यांत तेल घालून काढले. सकाळी सगळ्या बोटी दक्षिणेकडे जाताना दिसल्या की त्याचा जीव भांड्यात पडायचा. आणि एकदाची बातमी आली. दावा मंजूर झाला आहे, मच्छीमार सोसायटीच्या खोलीत येऊन सही करा, मॅडम स्वतः येणार आहेत. बायकोने इस्त्रीचा शर्ट काढून दिला. सोसायटीची खोली धक्क्याच्या टोकाला, माडीवर. तिथेच वायरलेसचा सेट. मुका जिन्यापाशी पोचला तर भावजय समोर उभी. धाकट्याची बायको. बर्फाचं रिकामं टोपलं कमरेवर.

"भाऊजी, तुमचे पाय धरायला हवेत खरं तर," ती म्हणाली.

"का गं, काय झालं?"

"तुम्ही सांगितलं नसतं तर हे अजून त्या गाळपट्टीवरच हट्टाने जात राहिले असते. आता तिथे गर्दी झालीय बाजूच्या पट्ट्यात, सगळ्यांच्या जाळ्यांत जाळी. आज वैतागून म्हणाले, मी आपला उत्तरेला जातो. खडक आहेत पण मधे कुठेतरी वाट असणारच, दादा उगाच नाही त्या बाजूने परत येताना दिसत कधीकधी. पहाटेच गेलेत. मला तर सुटल्यासारखं वाटलं बाई. तिथे निदान लोखंड तरी नाही."

मुक्याने जिन्याचा कठडा धरला. "उत्तरेला? कधी पोचला असेल?"

"पोचलेच असतील आतापर्यंत. का हो?"

तो धडाधड जिना चढला. मागून भावजयही टोपलं तिथेच टाकून चढली, कारण त्याचा चेहरा तिने पाहिला होता.

वर मॅडम टेबलाशी बसल्या होत्या. कोपऱ्यात वायरलेसवाला कानाला पेन्सिल खोचून. मुक्याला बघून मॅडम हसल्या, कागद पुढे सरकवला, बोटाने जागा दाखवली. "इथे सही. जाळ्याची ऑर्डर आजच जाईल."

सही करायला किती वेळ लागतो? एक श्वास. सही करून मग सेटवर गेलं तरी चाललं असतं, असं त्याच्या मनात आलं. आलं, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याने पेन उचललंसुद्धा. मग त्याला गुडघाभर पाण्यातला इंजिनवाला दिसला, आणि धाकट्याची ती हलकी बोट. त्याने पेन ठेवलं आणि वायरलेसवाल्याच्या हातातून माइक ओढून घेतला.

"धाकट्या, मी दादा बोलतोय. कुठे आहेस? ओव्हर."

सेटमधून खरखर आली, मग धाकट्याचा आनंदी आवाज. "कुठे असणार? गाळपट्टीवर." आणि तो हसला. हे हसणं सगळ्या बोटींना ऐकू गेलं असणार, कारण चॅनेल एकच होता.

"चेष्टा करू नकोस. तू उत्तरेला आहेस. जाळं उचल. लगेच उचल. लोखंड तिथे आहे."

"लोखंड गाळपट्टीवर आहे, दादा. तूच सांगितलंस. शिक्का मारून सांगितलंस."

"ते खोटं होतं."

मॅडमनी कागद हळूच आपल्याकडे ओढून घेतला. वायरलेसवाल्याचं तोंड उघडं राहिलं. आणि सेटमधून धाकटा पुन्हा हसला, या वेळी जरा वेगळं.

"अस्सं. म्हणजे मी बरोबर जागी आलोय. इथेच तुझा सगळा खजिना दिसतोय. माझ्या जाळ्याला चांगलं वजन लागतंय, दादा, आणि तू मला लोखंडाची भीती घालतोस? सगळ्यांसमोर? शोभतं का तुला?"

"अरे, आईची शपथ."

"शपथ तू मागच्या वर्षीही घेतली होतीस. त्या शपथेपायी मी दिवसभर रिकाम्या पाण्यात फिरलो होतो."

हे खरं होतं. मुक्याला आठवलंही, आणि ते सांगून दोघं नंतर किती हसले होते तेही. भावजयीने पुढे होऊन माइकपाशी तोंड नेलं. "अहो, ऐका ना. भाऊजी खरं बोलताहेत. त्यांच्याकडे बघून मी सांगतेय."

"तुलाही गुंडाळलं त्याने," सेट म्हणाला.

आता काय करायचं? शब्द संपले होते. ज्याच्या शब्दाला किंमत नाही त्याने आणखी शब्द घालून काय होणार? मुक्याने डोळे मिटले. मग त्याने जे केलं ते त्या धक्क्यावर कुणी कधी केलं नव्हतं. त्याने घळ सांगायला सुरुवात केली. उघड्या चॅनेलवर, पहिल्यापासून.

"ऐक. तुझ्या फिशफाइंडरच्या पडद्याकडे बघ. तू खडकांच्या टोकाला वळसा घालून आलास, तेव्हा तळ एकदम पायरीसारखा खाली गेला. गेला ना? त्यानंतर जाळ्यात आधी शिंपल्यांचा चुरा आला असेल. पांढरा. आता निळसर गाळ येत असेल, वायरला लागून वर येतो तो, बोटांना साबणासारखा लागतो. तळाच्या जागी पडद्यावर तुला आत्ता दोन रेघा दिसताहेत. वरची फिकी, खालची जाड. वर मऊ गाळ, खाली टणक. त्या दोन रेघा जोवर आहेत तोवर तू घळीत आहेस. डाव्या कडेने ओढायचं, तिथे मासा जास्त, ओहोटीला उजवीकडे सरकतो. पुढे दोन रेघांची एकच होते. आजवर मी तिथपर्यंत ओढून वळायचो. पण आता रेघ एक व्हायच्या आधीच, मधोमध लोखंड आहे. दोन रेघा दिसताहेत का? बोल. ओव्हर."

सेट नुसता खरखरत राहिला. दक्षिणेच्या बोटींवर काय चाललं असेल ते देवाला ठाऊक. तिथे माणसं पेन्सिली शोधत असतील.

"दिसताहेत," धाकटा म्हणाला. आवाजातलं हसू पार गेलं होतं. "फिकी पातळ होत चाललीय. उचला रे. उचला जाळं."

विंचचा आवाज माइकमधून ऐकू येऊ लागला. भावजयीने मुक्याच्या इस्त्रीच्या बाहीला धरलं होतं आणि ते तिला कळत नव्हतं. विंच फिरत होता, फिरत होता, आणि मग त्याचा आवाज जड झाला, कण्हल्यासारखा झाला. कुणीतरी तिकडे ओरडलं.

"लागलं," धाकटा म्हणाला. "दादा, लागलं."

"ब्रेक सोड."

"नवीन जाळं आहे. जरा मागे येऊन बघतो."

"बघू नकोस. मी बघितलं होतं. ब्रेक सोड आणि कुऱ्हाड घे. एक वायर जाईल, दुसरी जाणार नाही. लाट मागून येईल. तोड ती. ऐकतोयस का? तोड."

पलीकडून पाण्याचा आवाज आला. बादल्या ओतल्यासारखा, आणि माणसांचे आवाज एकमेकांत मिसळलेले. मग काहीच नाही. वायरलेसवाल्याने बटणं फिरवली. भावजय खाली बसली, जमिनीवर, टेबलाच्या पायाला टेकून, आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत राहिली. मॅडम उठून तिच्याजवळ गेल्या. मुका माइक हातात धरून उभा होता. सेट पुन्हा बोलला नाही तर या बाईकडे आपण आयुष्यभर कसं बघायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

कितीतरी वेळाने खरखर झाली. "तोडली," धाकटा धापा टाकत म्हणाला. "सगळे आहोत. पाणी उपसतोय. सगळे आहोत."

भावजय रडू लागली. मुका खुर्चीवर बसला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपणही रडतोय.

बोट आली तोवर धक्क्यावर तुडुंब माणसं जमली होती. मुक्याची बायको कारखान्यातून तशीच धावत आली होती, हातमोजे घातलेलेच. धाकटा उतरला. कमरेपर्यंत भिजलेला, उजव्या तळहाताला फडकं गुंडाळलेलं. आधी बायकोकडे गेला, तिला धरून उभा राहिला. दादाकडे त्याने पाहिलं नाही.

मॅडमनी थोडं थांबून मग काम सुरू केलं. त्यांना ते करावंच लागणार होतं. मुक्याला त्या म्हणाल्या, "तुमचा दावा रद्द. पुढे खटल्याचं काय ते वरून ठरेल. मी टाळू शकणार नाही." मुक्याने मान हलवली. त्याच्या बायकोनेही हलवली. खलाशांपैकी दोघं तिथून निघून गेले.

मग मॅडम धाकट्याकडे वळल्या. "तुमची जागा कुठेही जाहीर झालेली नव्हती. तुमचा दावा होऊ शकतो. पण एक अडचण आहे. लोखंड तिथे आहे हे जाळं अडकायच्या आधी तुम्हाला वायरलेसवर सांगितलं गेलं. मी स्वतः ऐकलंय. नियम म्हणतो, आधी खात्रीशीर माहिती असता कामा नये."

धाकट्याने फडकं गुंडाळलेला हात छातीशी धरला. "सांगितलं खरं. पण कुणी सांगितलं ते बघा ना, मॅडम. याने." त्याने प्रथमच दादाकडे बोट केलं. "इथल्या कुणालाही विचारा. याने सांगितलेल्या जागेला माहिती म्हणतात का?"

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मॅडमनी मुक्याकडे पाहिलं. "हे महत्त्वाचं आहे, नीट आठवून सांगा. आजच्या आधी तुम्ही तुमच्या भावाला कधी खरी जागा सांगितली होती? एकदा जरी सांगितली असेल, तर त्यांनी आज तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता असं मला धरावं लागेल."

सगळा धक्का ऐकत होता. भावजय ऐकत होती, बायको ऐकत होती. मुक्याला वाटलं, एखादी तरी असेल. लहानपणची, गळ टाकून दगडांवर बसायचे तेव्हाची, एखादी तरी. त्याने खरोखर शोधलं. ती सापडली असती तर बरं वाटलं असतं, आणि धाकट्याचं भरपाईचं जाळं गेलं असतं. पण सापडली नाही.

"नाही," तो म्हणाला. "कधीच नाही. लिहून घ्या."

मॅडमनी लिहून घेतलं. धाकटा खाली वाकून, एका हाताने, बोटीचा दोर खुंटाला बांधत होता. मुका मदतीला पुढे झाला, तर धाकटा म्हणाला, "राहू दे, दादा," आणि त्याने तो दोर एकट्यानेच बांधला.